शेवटच्या प्रकरणाची नोट

आमच्या क्लासची एक जुनी रीत आहे. कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणाची नोट पेपरच्या आदल्या दिवशीच द्यायची, त्याआधी कुणी कितीही गयावया केली तरी द्यायची नाही. ही रीत तात्यांची, म्हणजे माझ्या वडिलांची. लालबागच्या आमच्या दोन खोल्यांतल्या पुढच्या खोलीत त्यांनी सत्तावीस वर्षं बी.ए. इंग्रजीच्या मुलांना शिकवलं, आणि ते थकल्यावर गेली बावीस वर्षं मी शिकवते आहे. त्यांच्याच नोट्स, त्याच क्रमाने. मला वाटायचं, पोरांनी मधेच दांड्या मारू नयेत म्हणून त्यांनी ही शक्कल काढली असेल.

एप्रिलमधला रविवार होता. सोमवारी अकरा वाजता दादरच्या केंद्रावर अमेरिकन साहित्याचा पेपर. सकाळची बॅच नोट घेऊन कधीच पळाली होती आणि दुपारी तीन वाजता एकटी जोॲना आली. जोॲना भायखळ्याची, सत्तावीस वर्षांची, तिकडच्याच एका शाळेत शिशुवर्गाला शिकवणारी. पदवी नसताना शाळेने तिला दोन वर्षं सांभाळून घेतलं होतं. आता जूनपर्यंत कागद आणला नाही तर तिचा वर्ग दुसऱ्या बाईंना जाणार होता. बाकी सगळे पेपर सुटले होते, हा एकच अडला होता. मागच्या वेळी छत्तीस पडले आणि पास चाळीसला. त्यात जुन्या अभ्यासक्रमाची ही शेवटची संधी. आता पेपर गेला तर पुन्हा पहिल्या वर्षापासून श्रीगणेशा.

हे सगळं तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मीही तिला पहिल्याच दिवशी ठणकावलं होतं की माझ्या क्लासचं कुणी नापास होत नाही. ते खरंच आहे. का खरं आहे ते मात्र मला त्या रविवारी कळलं.

कादंबरीचं नाव मी इथे सांगत नाही, ज्यांनी माझ्याकडून नोट्स नेल्यात ते ओळखतीलच. शंभरेक वर्षांपूर्वीची अमेरिकन कादंबरी आहे. एका रुंद नदीवर एक नावाडी तीन पिढ्या लोकांना पैलतीरी नेतो आहे. गावात पोलादी पूल बांधायचं ठरतं. नावाडी आधी हसतो, मग भांडतो, मग पुलाच्या इंजिनियराशी बोलणं टाकतो, आणि ज्या दिवशी पूल खुला होतो त्या दिवशी भर पुरात होडी घालून बुडून मरतो. अहंकार हा त्याचा ट्रॅजिक फ्लॉ, म्हणजे घात करणारा दोष. पूल हे प्रगतीचं प्रतीक, नदी हे काळाचं. पहिल्याच प्रकरणात त्याचं वल्हं मोडतं, ते फोरशॅडोइंग, पुढच्याची चाहूल. झोपेतून उठवून विचारा, सांगेन.

जोॲनाला त्या दिवशी स्वस्थ बसवत नव्हतं. पेनाचं टोपण काढ, लाव, काढ, लाव. मी प्रश्न विचारत होते आणि ती उत्तरं देता देता घड्याळाकडे बघत होती. माझंही डोकं ठिकाणावर नव्हतं. उकाडा, वर शेजारच्यांच्या भिंतीत ड्रिल चाललेलं. प्रतीकं झाली, थीम्स झाल्या, आयरनीची तीन उदाहरणं झाली. मग मी कपाटातून शेवटची नोट काढून तिच्या हातात दिली आणि म्हटलं, ही पाठ कर, यावर वीस मार्कांचा प्रश्न दरवर्षी ठरलेला.

तिने अर्धं पान वाचलं आणि टोपण खाली ठेवलं.

"मिस, हा बुडत नाही ना."

कोण बुडत नाही, असं मी विचारलं.

"नावाडी. बुकमध्ये तो मरतच नाही."

मी वैतागले. पेपरच्या आदल्या दिवशी प्रत्येकाच्या अंगात काहीतरी संचारतं, कुणाला ताप येतो, कुणाला प्रेमभंग आठवतो. मी तिला म्हटलं, बाई गं, गेली बावीस वर्षं तो माझ्यासमोर दर एप्रिलमध्ये वेळेवर बुडतो आहे, आता तुझ्यासाठी पोहायला शिकणार नाही. ती हसली नाही. तिने पिशवीतून पुस्तक काढलं. फोर्टच्या फुटपाथवरून घेतलेलं, कडा पिवळ्या पडलेलं, आत पेन्सिलीच्या खुणा.

इथे एक गोष्ट कबूल करून टाकते. ती कादंबरी मी वाचलेली नव्हती. मी स्वतः बी.ए. झाले ती तात्यांच्या नोट्सवर. एम.ए.ला हे पुस्तक नव्हतं. शिकवायला लागले तेव्हा नोट्स तोंडपाठ होत्या आणि तात्यांची प्रत कुणीतरी नेऊन गडप केली होती. वाचू, वाचू म्हणता राहिलं. लाज वाटायला हवी होती, पण मुलं पास होत होती, आणि पास होणाऱ्या मुलांच्या बाईंना कुणी काही विचारत नाही.

जोॲनाने मला शेवटचं प्रकरण सांगितलं. पूल खुला होतो. नावाडी होडी विकत नाही, घरामागे उलटी घालून ठेवतो. थंडी येते, घरात खायला काही उरत नाही. मग तो त्याच इंजिनियराकडे जातो आणि पुलावर दिवे लावायची नोकरी मागून घेतो. डोक्यावर कंपनीची टोपी येते. गाव आठ दिवस हसतं आणि विसरून जातं. शेवटच्या पानावर तो पुलाच्या मधोमध थांबून खाली पाण्याकडे बघतो आणि पुढचा दिवा लावायला जातो. संपलं.

"लास्ट टाइम मी हेच लिहिलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, माझं इंग्लिश खराब आहे म्हणून मार्क गेले. म्हणून तर तुमच्याकडे आले."

नेमकं काय लिहिलं होतंस, मी विचारलं. उगाचच विचारलं, वेळ काढायला.

"मी लिहिलं होतं, ज्या पुलाने त्याच्या पोटावर पाय आणला, त्याच पुलावर लोकांना काळोखात ठेच लागू नये म्हणून तो दिवे लावतो. आणि ही त्याची हार आहे की नाही, ते रायटर आपल्याला सांगत नाही."

ते वाक्य मला माहीत होतं.

मी क्लासशिवाय परळच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. त्यामुळे दर सत्राला पेपर तपासायला बोलावणं येतं. कॉम्प्युटरसमोर बसायचं, स्क्रीनवर उत्तरपत्रिका येतात, नाव दिसत नाही. गेल्या नोव्हेंबरात आम्ही असेच बसलेलो असताना माझ्यासमोर हे उत्तर आलं होतं, इंग्रजीत, चुकतमाकत लिहिलेलं. मी ते वाक्य शेजारच्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. म्हटलं, हे बघा, कुणीतरी भलताच सिनेमा बघून आलंय. सगळे हसले. आम्ही पाचजण होतो आणि त्यातले चौघे कधी ना कधी तात्यांच्या नोट्सवर पास झालेले. वीसपैकी मी दोन दिले, कागद भरल्याबद्दल. मग चहा आला.

ती चार मार्कांनी नापास झाली होती.

आत्ताच्या आत्ता सांगून टाकावं असं वाटलं. तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर कोकम सरबत घेतेस का. ती नको म्हणाली. तरी मी पुस्तक उचललं आणि सरबत करते म्हणून आत गेले.

ओट्यापाशी उभी राहून मी ते प्रकरण वाचलं. अकरा पानं. एकदा वाचून विश्वास बसेना म्हणून शेवटची दोन पुन्हा वाचली. पोरीने एक शब्द चुकीचा सांगितला नव्हता. उलट मी तपासलेलं तिचं उत्तर आमच्या नोटपेक्षा सरस होतं, आणि हे कळायला मला एवढी वर्षं आणि अकरा पानं लागली.

तात्या खाटेवर पडून पंख्याकडे बघत होते. आता चौऱ्याऐंशीचे आहेत, कान शाबूत आहेत, आणि नको तेव्हा बहिरे व्हायची कलाही शाबूत आहे. मी पुस्तक त्यांच्या छातीवर ठेवलं आणि विचारलं, हा माणूस शेवटी बुडतो का.

त्यांनी पुस्तक हातात घेतलं, वास घेतला, आणि बाजूला ठेवलं.

"नाही," म्हणाले. "मी बुडवला."

मग हळूहळू सांगितलं. गिरणी संपाचं दुसरं वर्ष होतं. क्लासला अकरा मुलं, सगळी गिरणीकामगारांची. त्यात जगदीश म्हणून एक डिलाईल रोडचा मुलगा होता, अंगापिंडाने किरकोळ, पण वर्गात सगळ्यांत हुशार. त्याच्या बापाने वीस वर्षं ज्या गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवले, त्याच गिरणीच्या बंद फाटकावर तो वॉचमनची काठी घेऊन उभा राहिला होता. घरात चूल पेटायची तर दुसरा उपाय नव्हता. बाकीच्या मुलांचे बाप संपावर उपाशी, आणि याचा बाप मालकाच्या दारात. मुलं जगदीशशी बोलत नसत. एकाने त्याच्या वहीवर घाणेरडा शब्द लिहिला होता. तात्या रोज थोडं थोडं पुस्तक वाचून दाखवायचे. शेवटचं प्रकरण उघडलं तेव्हा पुढे काय आहे ते त्यांनी आदल्या रात्री वाचलेलं होतं.

"जगदीश दाराशी बसला होता गो," तात्या म्हणाले. "मी पुस्तक मिटलं आणि सांगितलं, बुडाला. पोरं रडली. तोही रडला. सगळ्यांबरोबर रडला."

पुढे मुलांनी नोट्स मागितल्या, तेव्हा जे सांगितलं तेच लिहावं लागलं. नोट्सच्या प्रती निघाल्या, प्रतींच्या प्रती निघाल्या. नोट शेवटच्या दिवशी द्यायची ती का, तेही त्यांनीच सांगितलं. कुणाला पुस्तक उघडून ताडून बघायला वेळ मिळू नये म्हणून. चारेक वर्षांनी वाटलं होतं दुरुस्त करावं, पण तोवर एक-दोन मुलं कॉलेजात लागून तेच शिकवायला लागली होती.

मला भयंकर राग आला. जगदीशवर दया केली ती केली, पण त्याची किंमत भायखळ्याच्या पोरीने का भरायची? मी म्हटलं, तात्या, मी बावीस वर्षं हे खोटं शिकवलं, तुम्ही या पडद्यामागे पडून रोज ऐकत होतात, एकदा तरी मला सांगायचं.

"मला वाटलं, तू पुस्तक वाचलं असशील," ते म्हणाले. "वाचलं असशील आणि माझ्यासाठी गप्प बसली असशील."

ते माझ्याबद्दल चांगलंच समजून बसले होते.

मी फोन घेऊन गॅलरीत गेले. आमच्या विषयाच्या अध्यक्ष बकुळा मॅडम म्हणून आहेत, तपासनिसांना आदर्श उत्तरं त्याच पाठवतात. रविवारी दुपारी फोन केल्याबद्दल माफी मागून मी सगळं सांगितलं. पुस्तकात असं आहे, आपल्या उत्तरात तसं आहे, गेल्या वेळी एका मुलीचं नुकसान माझ्या हातून झालं आहे. मग त्या अगदी मायेने बोलल्या. गेल्या वेळचा पेपर आता उघडता येणार नाही, मुदत गेली. आणि यंदा उत्तर बदललं तर मागच्या सगळ्या वर्षांचं काय सांगायचं? कोण जबाबदार म्हणायचं, तुझे वडील? पुढच्या अभ्यासक्रमात हे पुस्तकच नाही, तेव्हा एवढं एक वर्ष जाऊ दे. शेवटी म्हणाल्या, "तू घरी क्लास घेतेस हे मला माहीत नाही, दुर्गा. माहीत नसू दे." खासगी क्लास घेणाऱ्यांना पेपर तपासायला बोलावत नाहीत. त्यांनी फोन ठेवला. त्याही तात्यांच्याच विद्यार्थिनी.

मी गॅलरीत उभीच राहिले. खाली मंडपाच्या बांबूंवर दोन माणसं बसून कलिंगड खात होती. मला आत जायचं नव्हतं. एक साधा मार्ग समोर होता: काही सांगायचं नाही, नोट पाठ करून घ्यायची, पोरगी पास होईल, पेढे आणेल, माझ्या पाया पडेल. त्या पाया पडण्याच्या विचाराने मला आत ढकललं.

जोॲना होती तिथेच बसली होती. पडदा पातळ आहे, तात्यांचं सगळं तिने ऐकलं होतं. जगदीशचं वाईट झालं, असं ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून विचारलं, बरं नाही का.

मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं की तिचा पेपर मीच तपासला होता. ते वाक्य मी मोठ्याने वाचलं होतं, आम्ही हसलो होतो, हेही सांगितलं. ते गाळलं असतं तरी चाललं असतं, पण गाळवेना.

तिने एवढंच विचारलं की किती दिले होते.

"दोन."

ती रागावेल, रडेल, उठून जाईल, मी सगळ्याची तयारी केली होती. तिने टोपण उचलून पेनाला लावलं. गेल्या डिसेंबरात निकाल लागला तेव्हा तिने आईला आठ दिवस सांगितलं नव्हतं, हे तिने मला त्यावेळी सांगितलं, अगदी साध्या आवाजात. शाळेतल्या मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, जोॲना, तुला पुस्तक समजतं तरी का. तेव्हापासून तिने वाचायचं सोडून पाठ करायचं ठरवलं होतं.

मी म्हटलं, उद्या तू खरं लिही. पेपर माझ्याकडे आला तर वीसपैकी वीस देईन, भांडून देईन.

"आणि दुसऱ्याकडे गेला तर?"

पाचजणांपैकी मी एक. बकुळा मॅडमचं उत्तर प्रत्येकाच्या टेबलावर असणार. खरं बोलायची एवढी हौस मला आज आली होती, आणि तिची फी ही पोरगी भरणार होती.

"नाही मिस," ती म्हणाली. "मला जूनमध्ये माझा वर्ग पाहिजे. एकतीस पोरं आहेत माझी. मी बुडवते त्याला."

तू बरोबर आहेस हे तुला माहीत असताना, मी म्हटलं.

"त्याने नाही का जाऊन टोपी घातली? तसंच."

मला रडू आलं. तिच्यासमोर रडायचा मला काडीचा हक्क नव्हता, म्हणून मी उठून पाणी प्यायले आणि परत येऊन बसले. तिने नोट माझ्याकडे सरकवली, हात मांडीवर घेतले आणि समोरच्या भिंतीकडे बघितलं.

"रिझल्ट लागल्यावर मी तुम्हाला भेटायला येणार नाही," ती म्हणाली. "आत्ता विचारा."

आत तात्यांनी खोकल्याचा आवाज केला आणि कूस बदलली. मी नोट उघडली आणि पहिला मुद्दा विचारला, नावाडी पुरात होडी का घालतो. ती म्हणाली, अहंकारामुळे, हाच त्याचा ट्रॅजिक फ्लॉ. दुसरा मुद्दा, नदीने त्याला पोटात घेणं कशाचं प्रतीक आहे. तिने सांगितलं. तिसरा, मोडक्या वल्ह्याचा शेवटाशी संबंध. तेही सांगितलं, नोटमधल्या शब्दांत, स्वल्पविरामासकट. एका ठिकाणी ती अडखळली, होडी उलटते त्या वाक्यावर, तर मी नोट पुढे केली नाही. तिनेच डोळे मिटून आठवलं आणि पुरं केलं. दहाच्या दहा मुद्दे बिनचूक झाले. मग तिने स्वतःहून सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून म्हणून दाखवलं.

अशा वेळी मी मुलांना शाबास म्हणते. त्या दिवशी मला ते म्हणता आलं नाही.